आमची वाटचाल : शाडूच्या शेडमधली पद्मिनी

आमच्या शेडच्या पाटीवर अजूनही गणपतीच आहे. त्याखाली बारीक अक्षरांत 'मोटारींच्या प्रतिकृती' असं लिहून घेतलं, तेव्हा पाटी रंगवणाऱ्याने दोनदा विचारलं होतं, "नक्की ना?" पेणजवळच्या हमरापूर-जोहे पट्ट्यात घरोघरी मूर्तींचे कारखाने आहेत, त्यातलाच आमचा एक. साचा, ओतकाम, घासकाम, रंग हे सगळं लहानपणापासून डोळ्यांसमोर. मोटार तेवढी नवीन होती आणि ती मामामुळे आली.

मामा मुंबईत टॅक्सी चालवायचा, प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ मध्ये फियाट ११०० डी म्हणून बनायला लागलेल्या गाडीला १९७४ मध्ये पद्मिनी हे नाव मिळालं. २०१३ मध्ये टॅक्सीच्या वयाची मर्यादा २० वर्षांवर आणली गेली आणि मामाची गाडी तिच्यात सापडली. भंगारात द्यायच्या आदल्या दिवशी मी टेप, वही आणि मोबाइल घेऊन गेलो आणि अख्खी दुपार मापं घेतली. मामा टपावर हात ठेवून उभा होता. "अरे, झबलं शिवतोयस का तिला?" एवढंच म्हणाला.

धंदा करायचं तेव्हा डोक्यातही नव्हतं. मामाला दिवाळीला एक छोटी गाडी द्यायची, एवढाच बेत. प्रमाण १:२४ ठरवलं. खऱ्या गाडीत पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत २३४० मिमी भरतात. त्याला २४ ने भागलं की ९७.५ मिमी. म्हणजे एकूण गाडी तळहाताहून थोडी लांब. १:४३ मध्येही एक करून पाहिली, पण टपाच्या कडेची पन्हळ त्यात रंगाखाली बुजूनच गेली.

पहिली गाडी आम्हाला येत होती त्याच रीतीने केली. रबरी साचा आणि त्यात प्लास्टर. मूर्तीला चालतं ते गाडीला चालत नाही, हे साचा उघडताच कळलं. काचांच्या मधले खांब खऱ्या गाडीत दोन-अडीच बोटं जाड. २४ ने भागल्यावर ते जेमतेम दोन मिमी उरतात. प्लास्टरमध्ये चारही खांब साच्यातच राहिले आणि टप वेगळं हातात आलं. धातूच्या गाड्या कारखान्यात पोलादी डायमध्ये बनतात. त्या डायला लाखो रुपये लागतात आणि ते वसूल व्हायला हजारोंनी गाड्या काढाव्या लागतात. आम्हाला हवी होती एक. राहिलं रेझिन. सिलिकॉन रबराचा साचा आणि त्यात ए आणि बी अशा दोन भागांचं पॉलियुरेथेन रेझिन. दोन्ही एकत्र केले की काही मिनिटांत घट्ट.

वाचायला सोपं आहे. आमचं एक वर्ष त्यात गेलं.

मास्टर, म्हणजे जिच्यावरून साचा घ्यायचा ती मूळ गाडी, मी लांबी (भेगा-खड्डे बुजवायची पुट्टी) आणि पीव्हीसीच्या पट्ट्या वापरून बनवली होती. साचा दोन तुकड्यांत घ्यायचा तर अर्धी मास्टर मातीत बसवावी लागते. शाडू ओला असतो म्हणून मी दुकानातून मॉडेलिंग क्ले आणली आणि वर चांगलं महागाचं सिलिकॉन ओतलं. दुसऱ्या दिवशी वरचा भाग रबरासारखा घट्ट, आणि मातीला टेकलेला थर काकवीसारखा चिकट. दोन दिवस थांबलो, चार दिवस थांबलो, चिकटच. ते सिलिकॉन प्लॅटिनमवर घट्ट होणारं होतं आणि क्लेमध्ये गंधक होतं, हे नंतर कळलं. गंधक लागलं की प्लॅटिनम काम करणं सोडतं. लॅटेक्सचे हातमोजे घातलेत तरी तेच. सहा आठवडे घासून केलेली मास्टर रॉकेलने पुसून काढताना बाबा बाजूला बसून होते. ते काही बोलले नाहीत, हे त्यांचे उपकारच.

पुढे मास्टर थ्रीडी प्रिंटवर घेऊ लागलो, तेव्हा तोच रोग पुन्हा आला. प्रिंटचं रेझिन उन्हात किंवा यूव्ही दिव्याखाली पुरतं सुकवलं नाही, तर तेही प्लॅटिनमला मारतं. आता कोणतीही नवी वस्तू असली की आधी तिच्या कोपऱ्यात थेंबभर सिलिकॉन टाकून रात्रभर ठेवतो.

दुसरा धडा पावसाने दिला. पॉलियुरेथेनच्या एका भागात आयसोसायनेट असतं. त्याला पाणी लागलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि हवेतला दमटपणाही पुरतो. कोकणातला जुलै, वर शेडमध्ये शेकडो ओल्या मूर्ती वाळत ठेवलेल्या. म्हणजे हवेत पाणीच पाणी. रेझिन साच्याच्या तोंडातून इडलीच्या पिठासारखं वर आलं. बॉनेट आतून जाळीदार, पावासारखं. मी माप चुकलं म्हणून तराजू बदलला, मग रेझिन बदललं. आई एकदा सहज म्हणाली, "अरे, पापड तरी या दिवसांत कोण करतं का?" तेव्हा डोक्यात उजेड पडला. त्या वर्षापासून आमचं कॅलेंडर ठरलं. मृग लागला की रेझिन बंद आणि गणपती सुरू. दसऱ्याला साचे बाहेर. उघडलेल्या डब्यांत झाकण लावण्याआधी कोरडा नायट्रोजन सोडतो, आणि तरीही अर्धा डबा महिनोन् महिने ठेवत नाही.

बुडबुड्यांचा बंदोबस्त प्रेशर पॉटमध्ये होतो. रंग फवारायची टाकी वापरतो. ओतलेला साचा तीत ठेवून ४० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दाब दिला की उरलेले बुडबुडे डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक होतात. (सुरुवातीला स्वयंपाकघरातल्या कुकरवर माझी नजर होती. आईने तो माळ्यावर लपवला, ते बरंच झालं.) यात एक खोच आहे. सिलिकॉनचा साचाही त्याच दाबाखाली घट्ट झालेला हवा. नाहीतर साच्याच्या पोटातले बुडबुडे दाबाखाली आक्रसतात, तिथे साचा आत ओढला जातो आणि गाडीच्या दारावर बारीक पुटकुळ्या उठतात. या पुटकुळ्यांचं कारण शोधायला आम्हाला एक अख्खा हिवाळा लागला.

एका साच्यातून २५-३० गाड्या निघतात. मग दाराच्या मुठीपाशी रबर फाटायला लागतं.

साच्यातून निघालेली गाडी म्हणजे पांढरी, तेलकट, काठांवर पापुद्रे असलेली वस्तू. तिथून पुढचं काम खरं आमचं. आधी भांड्यांच्या साबणाने धुवायची, कारण साच्याचं तेल राहिलं की रंग पापडीसारखा सुटतो. खांब वाकले असतील तर गरम पाण्यात धरायचे, हाताने सरळ करायचे आणि लगेच गार पाण्यात. मग वॉटर पेपर ४००, ६००, ८००. घासकाम कायम पाण्यात, कारण रेझिनची कोरडी धूळ छातीत जाणं चांगलं नाही. मूर्तीच्या कामात मास्क कुणी लावत नसे. गाड्यांच्या टेबलावर तो सक्तीचा आहे आणि याबाबत मी वाईटपणा घेतो.

एक हिशेब मी प्रत्येक नव्या पोराला शिकवतो. इथला १ मिमी म्हणजे खऱ्या गाडीतले २४ मिमी. ओतलेल्या दाराची जाडी दोन मिमी, म्हणजे खऱ्या गाडीच्या हिशेबाने जवळपास ५ सेंटिमीटर जाडीचा पत्रा झाला! म्हणून खिडक्यांच्या कडा आतल्या बाजूने तिरक्या तासून पातळ करायच्या. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त कड दिसते. ती पातळ असली की सगळी गाडी पत्र्याची वाटते. वायपर आणि समोरची जाळी रेझिनमध्ये ओतायची नाहीच. ०.२ मिमीचा पितळी पत्रा, त्यावर छापलेलं चित्र आणि उघडं राहिलेलं पितळ खाऊन टाकणारं फेरिक क्लोराइड. सर्किटचे बोर्ड बनवणारे वापरतात तेच. पहिली बाटली मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून आणली तेव्हा दुकानदाराला वाटलं मी रेडिओ बनवतोय.

दारांच्या फटी प्रायमरच्या आधी सुईने खोल कराव्या लागतात, कारण प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट असे तीन थर त्यात भरतात. फिकट गाडीत फटीत पातळ गडद रंग सोडून ती उठवता येते. काळ्या गाडीत ती पळवाट नाही. काळ्यावर काळी रेघ कुठली दिसणार? तिथे खोलीच हवी.

आणि आमच्या गाड्यांत निम्म्याहून जास्त काळ्याच. काळा रंग काही लपवत नाही. लांबीने बुजवलेलं एखादं पिनहोल प्रायमरवर दिसत नाही, राखाडीवर दिसत नाही. काळा सुकला की चंद्रावरच्या खड्ड्यासारखं वर येतं. आधी पिवळं टप मारायचं. पिवळा दुबळा रंग आहे, त्याला खाली पांढरा लागतो. मग टपावर बारीक टेप लावायची आणि उरलेलं काळं. डबीतला निखळ काळा आम्ही मारत नाही. इतक्या लहान गाडीवर तो बुटाला पॉलिश केल्यासारखा दिसतो. त्यात थोडा राखाडी जातो. ही गोष्ट बाबांची. मूर्तीच्या बुबुळांतही ते निखळ काळा घालत नाहीत.

क्रोम हा बाबांचाच प्रांत झाला. मुकुटावर सोनेरी वर्ख लावून हात बसलेला. चांदीचा वर्ख लावून पाहिला, दोन पावसाळ्यांत तो काळवंडला. आता चिकट पाठीची अ‍ॅल्युमिनियमची पातळ पन्नी वापरतो. काचेभोवतीची पट्टी, बंपर, दाराची मूठ, सगळीकडे ती कापसाच्या काडीने दाबून बसवायची आणि नव्या कोऱ्या पात्याने कड कापायची. पातं जुनं असेल तर पन्नी फाटते आणि खालचा काळाही ओरखडतो. काचा पातळ पारदर्शक पत्र्याच्या, गरम करून साच्यावर ओढलेल्या. त्या फेव्हिकॉलने चिकटवायच्या. झटपट गोंदाच्या वाफेने काच आतून धुरकट होते. तशी एक गाडी आमच्या कपाटात आहे. पाहुणे म्हणतात, धुकं छान दाखवलंय.

मामाला गाडी दिवाळीला नाही, पुढच्या होळीला मिळाली. त्याने ती हातात फिरवली आणि म्हणाला, "मीटर?" मीटर राहिला होता. डाव्या हाताला, काचेच्या बाहेर बसणारा जुना यांत्रिक मीटर, झेंड्यासकट. तो करून दिला. मग मामाच्या स्टँडवरच्या एकाने विचारलं, मग त्याच्या मुलाने. ऑर्डरी अशाच आल्या, जाहिरात आम्ही आजही करत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदलेली गाडी, २० वर्षं पुरी करून. त्या आठवड्यात फोन थांबेना. परळ, ठाणे, न्यू जर्सी. ऐन दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडे चौदा गाड्या होत्या आणि मागणी त्याच्या कितीतरी पट. नाही म्हणायला आम्ही तेव्हा शिकलो.

लोकांना पद्मिनी नको असते, त्यांची पद्मिनी हवी असते. एका काकूंनी गाडी परत पाठवली, कारण त्यांच्या यजमानांच्या गाडीला डावीकडचा आरसा नव्हता. तो काढला, छिद्र बुजवलं, ती बाजू पुन्हा रंगवली. नंबर प्लेटवरून तर आमची चांगलीच फजिती झाली. १९८० च्या दशकातल्या गाडीला मी पिवळी पाटी लावली. जुन्या काळी खासगी गाडीला काळ्यावर पांढरी अक्षरं असत आणि टॅक्सीला पांढऱ्यावर काळी. पिवळी फार नंतर आली. एका निवृत्त चालकाने हे फोनवर इतक्या शांतपणे सांगितलं की मला ओरडा खाल्ल्यासारखं झालं. आतल्या छताचं फुलाफुलांचं कापड हवं असेल तर फोटो पाठवा. नक्षी लहान करून कागदावर छापतो. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा हँडलचा गिअर, सलग सीट, डॅशबोर्डवरची तसबीर, बंपरला लिंबू-मिरची, हे सगळं होतं. लिंबू मोहरीच्या दाण्याहून लहान लागतं. ते मोठं झालं की गाडीला कलिंगड बांधल्यासारखं दिसतं.

गंज आणि पोचे मागणारेही येतात. थोडे करतो, चाकांजवळ, दाराच्या खालच्या कडेला. पण आपली गाडी रोज फडक्याने पुसणाऱ्या माणसाची आठवण म्हणून गंजकी गाडी मागितली, तर मी आधी त्या माणसाबद्दल विचारतो.

एकदा नागपूरहून तक्रार आली. मे महिन्यात गाडी मोटारीच्या मागच्या काचेपाशी ठेवलेली, टप मधोमध बसलं. रेझिन उन्हात तापलेल्या मोटारीत मऊ पडतं, हे आम्ही डब्यावर लिहिलंच नव्हतं. चूक आमची. दुसरी पाठवली, आणि आता डब्यावर पहिली ओळ तीच आहे.

सध्या एक ऑर्डर अडली आहे. गाडी काळी, पण मागचं डावं दार दुसऱ्या टॅक्सीचं बसवलेलं, थोडं विटकं, हिरवट झाक असलेलं. ग्राहकाकडे फोटो एकच आणि तोही ब्लॅक अँड व्हाइट. बाबांनी सात डब्यांवर सात काळे करून ठेवलेत आणि त्या ताई येऊन बघणार आहेत.

पाऊस उंबरठ्यावर आहे, त्यामुळे साचे पोत्यांत बांधून माळ्यावर गेले. नव्या गाड्या दसऱ्यानंतर. तोवर फोन केलात तर आई उचलेल आणि मूर्ती किती इंची हवी, असं विचारेल.