डॅन्यूबकाठची परिषद आणि आमचा शेंगेन व्हिसा

निमंत्रण आलं तेव्हा बाकीच्यांनी विषय वाचला, मी नकाशा उघडला. परिषद शहरी नद्यांवरची आणि तीही फिरती. मुख्य सत्रं व्हिएन्नात, मधला एक दिवस ब्रातिस्लाव्हा, मग बुडापेस्ट आणि शेवट बेलग्रेडला. चारही राजधान्या डॅन्यूबच्या काठावर आहेत, त्यामुळे आयोजकांच्या दृष्टीने हे फार सुंदर होतं. व्हिसाचा फॉर्म भरणाऱ्याच्या दृष्टीने तितकंसं नाही.

आमची पुण्यातली छोटी संस्था मुळा-मुठेवर काम करते. १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुरात पाणी कुठवर चढलं होतं, हे आजच्या वस्तीवर मांडणारा आमचा पेपर निवडला गेला होता. जाणारे चौघं: पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले सर, कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्या मॅडम, पीएचडी करणारी एक मुलगी आणि मी. कागदपत्रं माझ्याकडे आली, कारण मला एक्सेल येतं असा संस्थेत समज आहे.

पहिला प्रश्न, अर्ज कोणत्या देशाकडे करायचा? शेंगेन म्हणजे आपसातल्या हद्दींवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपातल्या २९ देशांचा गट. ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया आणि हंगेरी त्यात येतात, म्हणजे तिन्हींना मिळून एकच व्हिसा. पण तो मागायचा मुख्य मुक्कामाच्या देशाकडे. जिथे जास्त दिवस किंवा जिथे मुख्य काम, तो देश. आणि सगळं सारखंच असेल तर जिथून आत शिराल तो. आमच्या व्हिएन्ना आणि बुडापेस्टच्या रात्री सारख्याच होत होत्या. बुडापेस्टला हॉटेल स्वस्त म्हणून सरांचा कल तिकडे होता. पण निमंत्रण व्हिएन्नातून, मुख्य सत्रं व्हिएन्नात आणि विमानही तिथेच उतरणार. तेव्हा ऑस्ट्रिया. ब्रातिस्लाव्हा व्हिएन्नाहून रेल्वेने तासाभरावर, सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं, त्यामुळे तिथली रात्र मोजायचा प्रश्नच नव्हता.

खरी गाठ बेलग्रेडची होती, कारण सर्बिया शेंगेनमध्ये नाही. "अरे, सर्बियाला आपल्याला व्हिसा लागत नाही," सर ठामपणे म्हणाले. पूर्वी लागत नव्हता हे खरं, पण ती सवलत १ जानेवारी २०२३ पासून बंद झाली. मात्र हातात वैध शेंगेन व्हिसा असेल तर सर्बियात वेगळ्या व्हिसाशिवाय जाता येतं. वाचून हायसं वाटलं आणि लगेच पुढची शंका आली. एकाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा आपण हंगेरीची हद्द ओलांडली की वापरून संपतो. मग पलीकडचा सर्बियन अधिकारी तो वैध धरेल का? धरेलही, पण चार जणांना बसमधून उतरवून घेऊन हा वाद घालायची माझी तयारी नव्हती.

म्हणून आम्ही प्रवासच असा आखला की एकाहून जास्त प्रवेशांची गरज कागदावर दिसावी. बेलग्रेडहून थेट आखाती विमान पकडून मुंबईला येणं सोपं होतं. त्याऐवजी बेलग्रेडहून पुन्हा व्हिएन्ना, तिथे एक रात्र आणि मग घरी. थोडे पैसे जास्त गेले. पण ऑस्ट्रियात दोनदा शिरणार हे आता तिकिटाच्या आरक्षणातच होतं, आणि व्हिएन्नाची एक रात्र वाढल्याने मुख्य मुक्कामाचा वादही मिटला. माझं मत विचाराल तर व्हिसासाठीच्या पत्रात कितीही गोड इंग्रजी लिहा, वजन पडतं ते आरक्षणाचं. पत्र, निमंत्रण, हॉटेल, तिकीट, विमा या सगळ्यांत तारखा आणि शहरं तंतोतंत जुळली पाहिजेत. मी दिवसवार तक्ता केला होता: तारीख, शहर, रात्रीचा मुक्काम, त्याचा पुरावा कोणत्या पानावर. चौघांच्या फायलीत पहिलं पान तेच.

विम्यातही बेलग्रेड आडवं आलंच. शेंगेनसाठी किमान ३० हजार युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं. एजंटाने पाठवलेली स्वस्त पॉलिसी फक्त शेंगेन देशांपुरती होती. व्हिसासाठी ती चालली असती, पण सर बेलग्रेडच्या किल्ल्यावर पाय घसरून पडले असते तर बिल आम्हीच भरलं असतं. थोडे जास्त पैसे देऊन सर्बियासकट युरोपची घेतली.

नावांचा घोळ मात्र पूर्णपणे आपल्याकडचा. मॅडमचा पासपोर्ट माहेरच्या नावाने, पगाराचं खातं सासरच्या. लग्नाचा दाखला मराठीत, म्हणून त्याचं इंग्रजी भाषांतर करून नोटरीचा शिक्का घेतला, आणि कॉलेजकडून दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं पत्र. सरांच्या बँकेच्या स्टेटमेंटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव आणि त्याला जोडलेला 'राव'. पासपोर्टात राव नाही. "वडिलांना गावात सगळे राव म्हणायचे," सर म्हणाले, "पासपोर्ट ऑफिसशी त्यांची ओळख नव्हती." बँकेच्या मॅनेजरबाईंनी लेटरहेडवर दोन ओळी लिहून दिल्या, तेवढ्याने भागलं.

फोटोचं काम लक्ष्मी रोडवरच्या एका जुन्या स्टुडिओत. ३५ बाय ४५ मिलिमीटर, फिकट पार्श्वभूमी, कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा फोटोभर. स्टुडिओवाल्या काकांना हे सगळं पाठ होतं, फक्त चेहरा उजळ करण्याची त्यांची सवय सुटत नव्हती. स्क्रीनवर मुलीचा गाल दोन छटांनी गोरा झाला तशी ती म्हणाली, "काका, व्हिसाचा फोटो आहे, स्थळाला पाठवायचा नाहीये." काकांनी निमूट मूळ फोटो परत आणला. सरांच्या चष्म्यावर ट्यूबलाइट चमकत राहिली, शेवटी चष्मा काढूनच फोटो घेतला.

पैशांच्या कागदांत नवल काही नाही: शिक्का मारलेलं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, पगाराच्या स्लिपा, रजेचं पत्र. अर्जाच्या आधल्या आठवड्यात खात्यात एकदम मोठी रक्कम टाकू नका, एवढंच सांगेन. मुलीला उत्पन्न नव्हतं, म्हणून तिच्या फायलीत संस्थेचं खर्चाचं हमीपत्र, गाइडचं पत्र आणि विद्यापीठाचं ना हरकत प्रमाणपत्र. व्हिसाची फी प्रौढांना ९० युरो आहे, पण शास्त्रीय परिषदेला जाणाऱ्या संशोधकांना ती माफ करण्याची तरतूद शेंगेनच्या नियमांतच आहे. हे फारसं कोणी आपणहून सांगत नाही, आपणच कागद पुढे करावा लागतो. अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क मात्र भरावं लागतंच.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. आमची परिषद सप्टेंबरमधली. मे-जूनमध्ये निम्मं पुणं युरोपच्या टूरवर निघालेलं असतं, तेव्हा अपॉइंटमेंट मिळणं कठीण. आम्ही उन्हाळा ओसरल्यावर घेतली आणि निकालाच्या नेहमीच्या पंधरा दिवसांवर भरपूर मोकळे दिवस ठेवले, कारण चौकशी वाढली तर हीच मुदत ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकते. अर्ज पुण्यातल्या केंद्रातच दिले. सर आधी जर्मनीला जाऊन आले होते. बोटांचे ठसे ५९ महिने चालतात, त्यामुळे त्यांचे पुन्हा घ्यायची गरज नव्हती. तरी ते आलेच. काउंटरवरच्या मुलीने फाइल चाळताना विचारलं, "काका, कॉन्फरन्स कशावर आहे?" सरांनी पानशेत सुरू केलं. तिच्या आजीचं घर शनिवार पेठेत वाहून गेलेलं निघालं. मागची रांग खोळंबली.

पासपोर्ट दिल्लीहून परत आले तेव्हा पाकीट फोडून आधी स्टिकरवरचा प्रवेशांचा रकाना पाहिला. तिथे एक, दोन किंवा अनेक असं छापलेलं असतं. चौघांनाही पुरेसे प्रवेश होते. शेजारीच मुक्कामाच्या दिवसांचा रकाना असतो, आणि तो बघून सर धास्तावले, कारण वरच्या दोन तारखांमधलं अंतर जास्त आणि हा आकडा कमी. यात घाबरण्यासारखं काही नसतं. दोन तारखा म्हणजे स्टिकर वापरायची मुदत, आणि हा आकडा म्हणजे त्या मुदतीत आत राहायचे प्रत्यक्ष दिवस. शिरण्याचा आणि बाहेर पडण्याचा असे दोन्ही दिवस मोजतात. बेलग्रेडमधला मधला दिवस त्यात धरला जात नाही, तरी आम्ही अर्जात तोही मागून ठेवला होता, न जाणो बेत बदलला तर.

प्रवासाबद्दल थोडक्यात. पुण्याहून मुंबई विमानतळ शेअर कॅबने, शुक्रवार संध्याकाळचा घाट टाळून दुपारीच निघालो. ऑस्ट्रिया आणि स्लोव्हाकियात युरो, हंगेरीत फोरिंट, सर्बियात दिनार; कार्डावर युरो भरले आणि बाकी थोडं तिथल्या एटीएममधून काढलं. व्हिएन्नात आम्हाला पाहायचा होता तो पुराचं पाणी वळवायला खोदलेला नवा डॅन्यूब, आणि त्या खोदाईच्या मातीतून उभं राहिलेलं २१ किलोमीटर लांबीचं बेट. सर तिथे मोजपट्टी नसल्याबद्दल हळहळत होते.

बुडापेस्टहून बेलग्रेडला आयोजकांची बस. रोस्के इथे हंगेरीचा बाहेर पडल्याचा शिक्का, थोडं पुढे होर्गोशला सर्बियाचा आत आल्याचा. सर्बियन अधिकाऱ्याने चारही पासपोर्टांत थेट शेंगेनचं पान काढलं, प्रवेशांच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि शिक्का मारला. फाइल मी मांडीवर उघडी ठेवून बसलो होतो, ती कोणी मागितली नाही.

एक गोष्ट मात्र जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. सर्बियात पोचल्यापासून २४ तासांच्या आत परदेशी माणसाची पोलिसांकडे नोंद व्हावी लागते. हॉटेल ती आपणहून करतं आणि तसा कागद देतं. मॅडम मात्र एका ओळखीच्या कुटुंबाकडे उतरल्या होत्या, तेव्हा सकाळचं सत्र सोडून त्या यजमानीणबाईंबरोबर पोलीस ठाण्यात जाऊन आल्या. तिथे म्हणे आपल्याकडच्यापेक्षा लवकर काम झालं.