चिकापासून आटतीपर्यंत: एका म्हशीच्या दुधाची वही

शेजारची पंढरपुरी म्हैस यंदा व्याली तेव्हापासून तिच्या दुधाची नोंद ठेवतोय. सामान साधंच आहे: दुधाची घनता मोजायचा लॅक्टोमीटर, फॅटचे टक्के दाखवणाऱ्या गर्बरच्या खुणांच्या नळ्या आणि त्या गरगर फिरवायचं हातानं चालणारं सेंट्रिफ्यूज.

पहिला चीक रेडकू पिऊन उरला तेवढाच मिळाला, आणि तेच बरोबर. प्रतिपिंडं आतड्यातून अख्खी रक्तात जातात ती जेमतेम पहिले 24 तास. लॅक्टोमीटर बुडेचना, पट्टी संपली तरी वरच. गायीच्या पहिल्या चिकात प्रथिनं 14 टक्क्यांच्या आसपास असतात, एरवीच्या दुधात 3 ते 3.5. ही वाढीव प्रथिनं उष्णतेनं घट्ट होतात, म्हणून खरवस जमतो. एरवीच्या दुधातलं मुख्य प्रथिन, केसीन, उकळीलाही दाद देत नाही. नुसत्या चिकाचा खरवस चिवट झाला, भरपूर दूध घातल्यावर वड्या पडल्या. तिसऱ्या दिवशीचा मात्र दूध न घालताही सैलच.

दुसऱ्या महिन्यात दूध सगळ्यात जास्त, फॅट सगळ्यात कमी. मालक पेंडीला दोष देत होते. पेंडीचाही हात असतो म्हणा, पण दूध वाढलं की फॅट विरळ होतंच.

याच सुमारास एका वेळच्या पहिल्या आणि शेवटच्या धारा वेगळ्या धरल्या. गर्बरच्या नळीत 10 मिली सल्फ्युरिक ॲसिड, वर कडेनं हळूहळू 10.75 मिली दूध, मग 1 मिली अमाइल अल्कोहोल. हलवली की नळी हातात धरवत नाही, फडकं हवंच. फिरवून झाल्यावर पहिल्या धारांचा पिवळा थर 3 पर्यंतही पोचला नाही, शेवटच्यांचा 10 च्या खुणेला टेकला. तेव्हा नमुना घ्यायचा तो पूर्ण बादली ढवळूनच.

आता म्हैस आटत आलीय. फॅट चढलंय आणि दूध किंचित खारट लागतंय. दुधाचा परासरण दाब (विरघळलेल्या पदार्थांमुळे पाणी ओढून घेण्याचा जोर) रक्ताइतकाच राहतो, त्यामुळे लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, घटलं की त्याची जागा सोडियम आणि क्लोराइड भरून काढतात. पण एकाच सडाचं दूध खारट लागलं तर कासदाहाची (कासेला सूज येण्याच्या रोगाची) शंका घ्या. मी चारही सड वेगळे चाखले, चव सारखीच होती.

रेनेट (दूध गोठवणारं विकर) लावून चीज करणाऱ्यांनी असलं दूध घेऊ नये. पीएच चढलेला असतो, दही उशिरा धरतं आणि मऊ राहतं. मी सध्या लोणी काढून तूप कढवतोय.