लघु-गुरू इंग्रजीतही चालतात: सातवा आठवडा

मंडळी, इंग्रजी शब्दात आघात, म्हणजे उच्चारातला जोर, कोणत्या सिलॅबलवर (एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर) पडतो ते मी शिकतोय. त्यातलं प्रत्ययांचं काम मागच्या आठवड्यात आटोपलं. ‘-इक’ आणि ‘-इटी’ असले की आघात त्यांच्या लगेच आधी: फो-ट-ग्रॅ-फिकमध्ये ‘ग्रॅ’, इ-लेक्-ट्रि-सि-टीमध्ये ‘ट्रि’. ॲरॅबिक आणि पॉलिटिक्स हे अपवाद वहीत लाल शाईनं आहेत. अरिथ्मेटिक नाम असेल तर ‘रिथ्’वर, विशेषण असेल तर ‘मे’वर.

पण प्रत्ययच नसेल तर?

रंकाळ्यावर सकाळी फिरताना मी दर सिलॅबलला एक पाऊल टाकतो, आघाताचं पाऊल जोरात. बुधवारी शालिनी पॅलेसच्या बाजूला ‘अ-जेन्-डा’ चालू होतं आणि एकदम शाळेतलं लघु-गुरू मोजायचं ‘यमाताराजभानसलगं’ आठवलं. तिथंच थांबलो! शेवटून दुसरं सिलॅबल गुरू असेल तर आघात त्यावर, लघु असेल तर एक घर मागे. ‘जेन्’ व्यंजनावर बंद होतं, म्हणजे गुरू. ब-ना-ना या शब्दात मधला ‘ना’ दीर्घ, म्हणून तोही गुरू. अ-मे-रि-का मध्ये ‘रि’ लघु, म्हणून जोर ‘मे’वर. हि-प-पॉ-ट-मस मध्ये ‘ट’ लघु, म्हणून ‘पॉ’वर. वृत्तं पाठ केलेल्या माणसाला हे बोटांवर मोजता येतं, याचा मला फार आनंद झाला. नियम मुळात लॅटिनचा. इंग्रजी नामांना बराचसा लागतो, क्रियापदांचा हिशोब वेगळा.

मग आडवं आलं कॅलेंडर. ‘लेन्’ गुरू आहे, तरी आघात ‘कॅ’वर. तेही एक वेळ पाठ करता येईल, पण माझ्या उच्चाराचं रेकॉर्डिंग ऐकलं तर ‘कॅ’ जोरात आणि मागचं ‘लेंडर’ आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं जसंच्या तसं. बायको म्हणाली, “दोन्ही सारखंच वाटतंय की.” बरोबर होतं तिचं. मराठीत लिहिलेला ‘ए’ तोंडात ‘ए’च राहतो. इंग्रजीत आघात नसलेला स्वर बहुतेक वेळा विरून जवळपास ‘अ’ होतो: कॅ-लन्-डर. जोर वाढवायला मी दोन दिवसांत शिकलो. शेजारचे स्वर पातळ करायला सहा आठवडे पुरले नाहीत.

सध्या ‘लन्-डर’ आधी कुजबुजत म्हणतो, मग पुढे ‘कॅ’ जोडतो. फोटोग्राफी म्हणताना ‘फ-टॉग्-र-फी’मधल्या ‘फ’लाही हेच. शनिवारच्या रेकॉर्डिंगमध्ये ‘लन्’ पहिल्यांदा पातळ ऐकू आला. बाविसावा प्रयत्न होता. ती फाईल जपून ठेवली आहे.