तुम्ही विचारलंत म्हणून : सशाच्या पिल्लाचं पोट सारखं बिघडतं, काय घालू?

आमच्या घरी ससे आहेत हे कळलं की लोक मला हमखास एक प्रश्न विचारतात. लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोसकट. "पिल्लू आणलंय, पण त्याचं पोट फार नाजूक आहे. मागची बाजू सारखी बरबटते. काय खायला घालू?" विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एखादं औषध, टॉनिक किंवा खास खाऊचं नाव हवं असतं. माझं उत्तर गवत हे आहे. वाळलेलं, कोरडं, लांब काड्यांचं गवत, दिवसरात्र समोर. बाकी सगळं त्यानंतर, आणि फार सावकाश.

एवढ्यावर माणसं हिरमुसतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ससा गवत खातो तेव्हा त्यातला जाड चोथा आतड्यांना हालतं ठेवत पुढे सरकतो आणि कोरड्या, गोल लेंड्या होऊन बाहेर पडतो. बारीक भाग मात्र मागे वळवला जातो, लहान आणि मोठं आतडं जिथे जुळतं तिथल्या एका मोठ्या पिशवीत. डॉक्टर तिला सीकम म्हणतात. तिथे असंख्य जिवाणू हा भाग आंबवतात, त्यातून प्रथिनं आणि बी जीवनसत्त्वं तयार होतात, आणि तो सगळा ऐवज बारीक, मऊ, चकचकीत गोळ्यांचा चिकट घड होऊन बाहेर येतो. हा घड ससा खातो. शांत वेळी जवळ बसून पाहिलंत तर दिसेल : बसल्या बसल्या तो एकदम मान वाकवतो, तोंड पोटाखाली नेतो आणि वर येतो तेव्हा गाल हलत असतात. ज्यांना हे माहीत नसतं ते त्याला ओरडतात, हटकतात. कृपा करून तसं करू नका. त्याच्या जेवणाचा तो अर्धवट राहिलेला भाग आहे आणि तो खाल्ला नाही तर त्याचं पोषणच पुरं होत नाही.

मागची बाजू बरबटते म्हणजे बऱ्याचदा हाच न खाल्लेला घड केसांना चिकटलेला असतो. खाणं फार सकस, फार गोड किंवा पिठूळ झालं की हे घड जास्त आणि पातळ व्हायला लागतात, ससा ते सगळे संपवत नाही आणि त्यांच्यावरच बसतो. सोबत नेहमीच्या कोरड्या लेंड्या पडत असतील, पिल्लू खेळत-खात असेल, तर खाण्यात दुरुस्ती करायची. पाण्यासारखे जुलाब ही अगदी वेगळी गोष्ट. पिल्लाला तसं झालं तर काही तासांत जीव जाऊ शकतो, तिथे घरी बसून खाण्याचा विचार करायचा नसतो.

आता पिल्लाचं पोट एवढं हळवं का, ते. सशीण पिल्लांना दिवसातून साधारण एकदाच, तेही जेमतेम पाच मिनिटं पाजते. त्या दुधापासून पिल्लाच्या जठरात असे मेदाम्लाचे घटक बनतात जे जंतूंना वाढू देत नाहीत. मोठ्या सशाच्या जठरात हे काम तीव्र आम्ल करतं. दूध सुटतं आणि ते आम्ल पूर्ण तीव्र होतं, याच्या मधले काही आठवडे पिल्लाला धड हेही संरक्षण नसतं आणि तेही नसतं. दुसरीकडे सीकममधले जिवाणू नुकते कुठे वस्तीला येत असतात. आई घरट्यात चार लेंड्या टाकून जाते, पिल्लं त्या कुरतडतात, आणि तेच त्यांच्या पोटाला लागलेलं विरजण. हे सगळं नीट बसायला पिल्लू आठ आठवडे आईजवळ राहायला हवं. बाजारात मात्र तळहातावर मावणारी, तीन-चार आठवड्यांची पिल्लं विकायला ठेवतात, कारण तीच पटकन खपतात. मला याचा मनापासून राग येतो. मग ते पिल्लू प्रवास करून नव्या घरी येतं, घाबरलेलं असतं, आणि त्याच संध्याकाळी त्याच्यासमोर गाजर, कोबी, कोथिंबीर, बिस्किट असं ताट मांडलं जातं. पोट बिघडलं तर नवल काय! लोक "नाजूक पोट" म्हणतात, पण माझ्या मते त्यातली बहुतेक पिल्लं चांगली धडधाकट असतात. त्यांना वेळ मिळालेला नसतो, इतकंच.

म्हणून पिल्लू आणताना विकणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा की ते आत्ता काय खातंय, आणि तेच मूठभर बांधून घ्या. पहिला आठवडा तेच खाणं, सोबत गवत आणि पाणी. बदल करायचा तर जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत आठ-दहा दिवस घ्या. दूध देऊ नका, गाईचंही नाही आणि पावडरीचंही नाही. खायला लागलेल्या पिल्लाला पाणी लागतं, आणि ते जड वाडग्यात ठेवलेलं बरं, कारण नळीच्या बाटलीपेक्षा वाडग्यातून ससे जास्त पाणी पितात.

गवताबद्दल मी थोडी हट्टी आहे. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात, आठवड्याला दोनेक मिलिमीटर तरी, आणि त्यांची झीज होते ती गवताची काडी आडवी आडवी दळताना. काडी ओठांतून आत सरकताना बघा, जबडा डावीकडून उजवीकडे किती भरभर फिरतो. पेलेट, म्हणजे दुकानात मिळणारी दाबून बनवलेली खाद्याची गोळी, दोन चाव्यांत फुटते, तिथे हे दळण होतच नाही. दाताला आणि पोटाला एकच गोष्ट लागते, ही सोय निसर्गानेच करून ठेवलीये.

परदेशातून येणारं टिमथी गवत ऑनलाइन मिळतं, चांगलं असतं आणि महाग असतं. परवडत असेल तर जरूर आणा. नसेल तर आपल्याकडे हरळी आहे, म्हणजे गणपतीला वाहतो त्याच दूर्वा. परदेशात हेच गवत बर्म्युडा नावाने सशांना आणि घोड्यांना घालतात. स्वच्छ जागेची, फवारणी न झालेली हरळी कापून आणायची, पातळ पसरून सावलीत वाळवायची आणि हातात कुरकुरीत लागली की सुती पिशवीत भरायची. मारवेलही चालतं. गोठा किंवा घोड्यांचा तबेला ओळखीचा असेल तर त्यांच्याकडचं वाळलेलं गवत विचारा, पण घरी आणल्यावर ते जमिनीवर पसरून हाताने चाळा. दिवाळीनंतरच्या डोंगरी गवतात कुसळं असतात, ती हिरडीत आणि डोळ्यात घुसतात. पावसाळ्यात तर रोज वास घ्या. कुबट वास, पांढरी-करडी भुकटी, हाताला ओलसरपणा, यातलं काहीही असलं तर अख्खी पेंढी फेकून द्या, हळहळू नका. सोसायटीच्या लॉनवर यंत्राने कापलेल्या हिरव्या गवताचा ढीगही नको. तो तासाभरात आतून गरम होऊन आंबायला लागतो आणि तीच आंबवण पुढे पोटात चालू राहते. ज्वारीचा कोवळा हिरवा पाला शेतकरी गुरांनासुद्धा घालत नाहीत, त्यात विष असतं. सशाच्या बाबतीतही तो नियम पाळा.

लसूणघास, म्हणजे गुरांना घालतात तो अल्फाल्फा नावाचा चारा, हा इथला वादाचा विषय. तिच्यात प्रथिनं आणि कॅल्शियम भरपूर, म्हणून वाढत्या पिल्लाला ती वाळवून देतात आणि ते बरोबरच आहे. पण पोट हळवं असेल तर मी साध्या गवताचा मोठा ढीग आणि त्यात लसूणघासेची चिमूटभर सरमिसळ एवढंच सांगते. पिल्लं हुशार असतात, लसूणघास वेचून खातात आणि गवत ठेवून देतात. तसं दिसलं की ती आणखी कमी करायची.

पेलेट साधी, एकाच रंगाची घ्या, पिशवीवर चोथ्याचं प्रमाण १८ टक्के किंवा त्याहून जास्त लिहिलेलं हवं. मक्याचे दाणे, बिया, रंगीत तुकडे घातलेलं मिश्रण दुकानात छान दिसतं. ते दुकानातच राहू द्या.

हिरवा पाला मी साधारण बारा आठवड्यांनंतर सुरू करायला सांगते. एका दिवशी कोथिंबिरीची एक काडी. दुसऱ्या दिवशी लेंड्या पाहायच्या, गोल आणि कोरड्या असतील तर पुन्हा कोथिंबीरच. तीन-चार दिवस निभावलं की मग पुदिना, मग मुळ्याचा पाला, मग तुळस. एका वेळी एकच नवा पाला, म्हणजे बिघडलं तर कशाने ते कळतं. कोबी, फ्लॉवर हळव्या पोटाला नकोत. कांदा, लसूण, बटाटा, कच्चं अळू तर कधीच नको. गाजर गोड असतं. ते ससा आवडीने खातो हे खरं, पण पिल्लाला नकोच, आणि मोठ्या सशालाही नखाएवढा तुकडा खूप झाला.

सगळ्यात अवघड भाग घरच्या माणसांचा असतो. आजी प्रेमाने पोळीचा तुकडा देते, मुलं मुरमुरे आणि मारी बिस्किट देतात. पिठूळ आणि गोड खाणं सीकममध्ये पोचलं की चांगले जिवाणू मागे पडतात, क्लॉस्ट्रिडियमसारखे वाईट वाढतात, वायू आणि विष तयार होतं. सशाला उलटी करता येत नाही, आत गेलेलं परत यायला वाटच नाही. आजींना हे सांगायचं आणि त्यांच्या हातात गवताची जुडी द्यायची. पिल्लू त्यांच्या हातून तीही तितक्याच ओढीने खातं.

रोज सकाळी लेंड्या पाहा. आकार लहान झाला, एकमेकींना केसांनी जोडलेल्या निघाल्या, संख्या घटली, तर आतड्यांचा वेग मंदावतोय. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आठवड्याला वजन करा. मोठ्या सशाने दहा-बारा तास काही खाल्लं नाही, लेंडी टाकली नाही, पाठ कुबडी करून दात करकर वाजवत बसला, तर तातडीने डॉक्टरकडे. पिल्लासाठी तेवढाही वेळ थांबू नका. "सकाळपर्यंत बघू" या वाक्याने फार ससे गेलेत. नेताना त्याला उबदार गुंडाळा, कान गार लागत असतील तर विशेषच.

आणि डॉक्टर सशांना तपासणारे आहेत ना, हे आधीच, पिल्लू ठणठणीत असतानाच शोधून ठेवा. कुत्र्या-मांजरांना सर्रास दिली जाणारी काही प्रतिजैविकं सशाला तोंडावाटे दिली तर जीवघेणी ठरतात. अमॉक्सिसिलिन आणि क्लिंडामायसिन ही दोन नावं लिहूनच ठेवा. ती सीकममधली चांगली वस्ती मारून टाकतात आणि पोट बरं करायला दिलेल्या औषधानेच ससा जातो. घरातल्या डब्यातली आपल्या जुलाबाची गोळी तर अजिबात नको. नम्रपणे पण स्पष्टपणे विचारा, "डॉक्टर, हे सशाला तोंडावाटे चालतं ना?" चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

सहा-सात महिन्यांनी वाढ मंदावली की लसूणघास हळूहळू बंद करा. सशाचं आतडं कॅल्शियम गरजेपेक्षा जास्त शोषून घेतं आणि जादा कॅल्शियम लघवीतून टाकतं, मग लघवी खडूसारखी पांढरी, घट्ट होते. पेलेटही तेव्हा वजनामागे किलोला दिवसाला 25 ग्रॅमच्या आसपास आणा. गवत मात्र तेव्हाही मोजायचं नाही, संपत आलं की पुन्हा भरायचं.