हो, धोंडूच. टोपणनाव नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आणि एकदाच काय ते नीट सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवून मोकळा होईन. प्रश्न ठरलेलेच असतात. धोंडू हे खरं नाव की घरचं? अर्थ काय? कुणी ठेवलं असलं? आणि मग आवाज जरा खाली आणून, बदलत का नाही?

खरं नाव आहे. आधारवर, पॅनवर, पासपोर्टवर, सगळीकडे धोंडूच. अर्थ धोंडा, म्हणजे दगड. ऑफिसातला एक भला माणूस मला सावरून घ्यायला म्हणाला, "म्हणजे धुंडिराज ना? दादासाहेब फाळक्यांचं नाव होतं ते." नाही हो. धुंडिराज म्हणजे काशीचा गणपती, त्याचं नातं धुंडाळण्याशी. माझं नातं ज्याची ठेच लागते त्याच्याशी. अर्थात हे धुंडिराज प्रकरण मी स्वतःच कॉलेजात तीन वर्षं लोकांच्या गळी उतरवलंय, त्यामुळे त्याला बोलायला मला तोंड नाही.

का ठेवलं, तर मुलं जगत नव्हती म्हणून. आधीची गेली की पुढच्याला चांगलं नाव द्यायचंच नाही. दगडू, धोंडू. केरात ठेवून उचलला की केरोबा, मूठभर कोंड्याला शेजारणीला विकून परत घेतला की कोंडाजी, भीक मागून आणल्यासारखा केला की भिकू, भिकाजी. बघणारा जो कुणी असेल, यम म्हणा, सटवाई म्हणा, कुणाची नजर म्हणा, त्याला वाटावं की इथे नेण्यासारखं काही नाही, दगड पडलाय, जा पुढे. फसवणूकच ती, पण कुणाची, तर मरणाची.

आणि ही नावं काही फक्त आमच्या वाडीतली नाहीत. 1857 च्या नानासाहेब पेशव्यांचं नाव धोंडोपंत. 1673 मध्ये 60 माणसं घेऊन पन्हाळा घेतला तो कोंडाजी फर्जंद. गणितातले केरूनाना छत्रे. महर्षी कर्वे तर धोंडो केशव, 1958 साली, शंभराव्या वर्षी भारतरत्न, आणि 104 वर्षं जगले (त्यांनाही सगळे अण्णाच म्हणायचे, ही गोष्ट वेगळी). पण गंमत बघा, धोंडोपंत म्हटलं की डोळ्यासमोर पगडी येते आणि धोंडू म्हटलं की खांद्यावरचं फडकं. दगड तोच, पंत लागला की वजन वाढतं. नाटकात चहाचा ट्रे घेऊन येणारा असतो ना, तो मी.

माझ्या आजोबांच्या वेळी आमच्या वाडीत, चिपळूणपासून तासभर आत, एकाच वेळी चार धोंडू होते. थोरला, धाकटा, खालच्या घरातला आणि बहिरा. आता मी शेवटचा. लोकांना वाटतं नावाची फॅशन गेली. फॅशन गेलीच, पण त्याच्याआधी गरज गेली. मुलं जगायला लागली. माझ्या मुलाच्या वर्गात तीन अद्वैत आहेत, एक आमचा, आणि तिघांच्याही आयांना बारशाला कुणाची भीती वाटली नसणार, निदान एवढी तरी नाही.

मग कुणीतरी साताऱ्याचा दाखला देतं. ऑक्टोबर 2011 मध्ये तिथे नकुशी नावाच्या 285 मुलींची नावं समारंभाने बदलली, मग तुला काय अडचण? अहो, ते बदलायलाच हवं होतं. नकुशी म्हणजे नको असलेली. धोंडू म्हणजे इतका हवा असलेला की ते उघड बोलायची चोरी. दोन्ही नावं एका पिशवीत भरू नका, एवढंच माझं म्हणणं. आणि हसण्याआधी घरी विचारून बघा, बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात काय ठेवलं होतं. वरवंटा. कुंची घालून, गोप्या म्हणून. तुमच्या पाळण्यातही आधी दगडच निजला होता, फरक इतकाच की तो दगड नंतर स्वयंपाकघरात परत गेला आणि आमच्याकडे राहिला.

हे सगळं आता ऐटीत लिहितोय. 2017 साली मी नाव बदलायला निघालो होतो.

निमित्त फालतू होतं. एका इंटरव्ह्यूला दिल्लीच्या बाईंनी नाव वाचताना आधी "भोंदू" म्हटलं आणि मग सॉरी म्हणताना त्यांना जे हसू आलं ते काही आवरेना, मीही हसलो, आणि नोकरी मिळालीसुद्धा, पण त्या दिवशी ट्रेनमध्ये ठरवलं की बास. गॅझेटचा फॉर्म काढला. नवीन नाव धीरज, म्हणजे सहीतला डी वाचला असता. जन्माचा दाखला हवा म्हणून गावी गेलो. ग्रामसेवक भाऊंनी जुनी रजिस्टरं काढली, 1981 माझं, आणि शोधताना 1979 चं मृत्यूचं पान उघडलं गेलं. आडनाव आमचं, बापाचं नाव आमचं. नावाच्या रकान्यात काही नाही. पुढे: मुलगा, वय 8 दिवस. बारशाआधीच गेला तर नाव कुठलं असणार. त्याच्या आधीचा राजेंद्र, तो सात महिन्यांचा जुलाबाने गेला, हे मला ऐकून माहीत होतं. पण तो रिकामा रकाना मी पहिल्यांदा बघत होतो.

घरी आलो. आई ओटीवर कुळीथ पाखडत होती. मला वाटलं रडेल, चिडेल, आजीचं नाव काढेल. ती म्हणाली, "बदल की. पण मी आहे तोवर थांब."

"का?"

"मला भ्या वाटतं."

मी 36 वर्षांचा. दोन ईएमआय, गुडघ्याचं दुखणं, डोक्यावर टक्कल. मला इतका राग आला की मी जे बोललो ते बोलायला नको होतं. म्हटलं, आई, तो आठ दिवसांचा नजरेने नाही गेला. सुईणीने नाळ कशाने कापली होती? विळ्याने ना? दूध ओढेना, मग अंग ताठलं, कमान झाली, तूच सांगतेस ना. त्याला धनुर्वात म्हणतात. माझ्या वेळी नर्सबाईने तुला दोन इंजेक्शनं दिली, 1978 ला देशात लसीकरणाचा कार्यक्रम सुरू झाला होता, तो तोवर आपल्यापर्यंत पोचला, म्हणून मी राहिलो. 2015 मध्ये तर नवजात बाळांचा धनुर्वात देशातून हटला म्हणून जाहीर झालं. नावाने नाही झालं ते. मी सालांसकट सांगितलं तिला. लेक्चर दिलं.

तिचं सूप थांबलं नाही. बराच वेळ नुसता पाखडल्याचा आवाज. मग म्हणाली, "म्हणजे मीच मारला म्हण."

मी म्हटलं तसं नाही गं. पण तसंच होतं ना, माझ्या त्या सगळ्या साल-सनावळीचा तिच्यापुरता अर्थ तेवढाच होता. यमाने नेला तर यमाचा दोष, विळ्याने गेला तर विळा घरातलाच.

थोड्या वेळाने तीच बोलली. "इंजेक्शनं पण घेतली. धोंडा पण म्हटलं. तू कशानं राहिलास ते मला नको सांगू."

फॉर्म अजून कपाटात आहे. तेव्हाच्या मला अधूनमधून विचारतो, आईला बरं वाटावं म्हणून थांबलास की घाबरलास? कारण, खरं सांगायचं तर, पोरगा तापाने फणफणला होता त्या रात्री मीही त्याला "काय हा दगड" म्हणालो होतो, मोठ्याने, कुणीतरी ऐकावं म्हणून. बायको बघत राहिली. विज्ञान वगैरे ठीक आहे, सकाळी डॉक्टरकडे नेलंच. आणि गॅझेटचं म्हणाल तर कधी वाटतं बदलून टाकावं, कधी वाटतं चार धोंडूंमधला उरलेला एक, राहू दे. 2023 च्या अधिक महिन्यात ऑफिसात "तुझा महिना आला रे" करून सगळ्यांनी धोंड्याचं जेवण मागितलं तेव्हा बदलण्याच्या बाजूने होतो.

आईने मला आयुष्यात कधी धोंडू म्हणून हाक मारलेली नाही, हेही तेव्हाच लक्षात आलं. बाळू म्हणते. धोंडू हे बाहेरच्यांसाठी.

तर मागच्या महिन्यात तिला मॉलमध्ये नेलं होतं. कॉफीच्या काउंटरवर नाव विचारतात, मी सवयीने राहुल सांगतो, स्पेलिंग विचारत नाहीत. पोराने "राहुल!" असा पुकारा केला आणि मी उठलो. आई बघत होती.

"राहुल कोण?"

म्हटलं, मीच. इथे हेच सांगतो.

मला वाटलं आता दुखावणार ही. ती कप दोन्ही हातांत धरून म्हणाली, "बरं करतोस. कुणाकुणाला म्हणून खरं सांगायचं."