कॉस्टकोची गाडी, घरचा फ्रीझर आणि वाइनचा खोका: माझा अनुभव

कॉस्टको म्हणजे सदस्यत्व घेऊन ठोक मालाची खरेदी करायची अमेरिकी दुकानं. तिथे पहिली वस्तू उचलायच्या आधीच 65 डॉलर गेलेले असतात. सप्टेंबर 2024 पासून अमेरिकेत साध्या सदस्यत्वाची वर्षाची फी 65 आणि एक्झिक्युटिव्ह या वरच्या दर्जाच्या सदस्यत्वाची 130 डॉलर आहे. जादाच्या 65 डॉलरच्या बदल्यात खरेदीवर 2 टक्के परत मिळतात. म्हणजे वर्षाला 3,250 डॉलरची, महिन्याला साधारण 271 डॉलरची खरेदी झाली तरच ते वसूल. यात पेट्रोल आणि फूड कोर्टातला दीड डॉलरचा हॉट डॉग धरायचा नाही. दोघांच्या घराला साधं कार्ड पुरतं, असं माझं मत. त्याच पत्त्यावरच्या आणखी एकाला दुसरं कार्ड फुकट मिळतं. एका कार्डावर दोन पाहुणे आत नेता येतात, तेव्हा भारतातून आलेल्या आईबाबांसाठी वेगळं कार्ड काढायला नको. पैसे मात्र कार्डवाल्यानेच भरायचे. क्रेडिट कार्ड व्हिसाचंच चालतं. मास्टरकार्ड असेल तर डेबिट कार्ड किंवा रोख जवळ ठेवा.

किमतीची पाटी नीट वाचली तर बरंच कळतं. शेवटी .97 असेल तर माल काढून टाकायला भाव उतरवलेला असतो. उजव्या कोपऱ्यात वर चांदणी (*) असेल तर तो माल संपल्यावर पुन्हा मागवणार नाहीत. दोन्ही एकत्र दिसलं आणि वस्तू टिकाऊ असेल, तरच मी जास्तीची घेतो. घेतल्यावर 30 दिवसांत भाव उतरला तर पावती दाखवून फरक परत मिळतो, म्हणून पावती महिनाभर फेकायची नाही. पाटीवरचा दर कधी पौंडाचा, कधी औंसाचा, कधी नगाचा असतो. मी सगळं किलोवर आणतो: पौंडाचा भाव गुणिले 2.2. इंडियन स्टोअरशी तुलना करायची तर दुसरा मार्ग नाही. त्या तुलनेत बासमती, बदाम, काजू, लोणी, दूध, गोठवलेले मटार इथे बहुधा स्वस्त पडतात. तूरडाळ, रवा, पोहे, मसाले यांच्यासाठी इंडियन स्टोअरच बरं.

लोणी आणून घरी तूप कढवण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण खरी बचत तिथे आहे. कर्कलंड या कॉस्टकोच्या स्वतःच्या ब्रँडचं लोणी एक-एक पौंडाच्या चार खोक्यांत येतं. बिनमिठाचंच घ्यायचं. मिठाचं आणि बिनमिठाचं खोकं घाईत सारखंच वाटतं, आणि मिठाचं कढवलं की फेस जास्त येतो, बेरी खारट होते. एका वेळी दोन पौंड, जाड बुडाच्या पातेल्यात, मंद ते मध्यम आचेवर 25 ते 30 मिनिटं कढवायचं. लोण्यात स्निग्धांश 80 टक्के असतो, त्यामुळे 907 ग्रॅममधून साधारण 700 ग्रॅम तूप हाती येतं. किलोचा भाव या 700 ग्रॅमवर काढायचा, 907 वर नाही. हे लोणी विरजण न लावलेल्या सायीचं असतं, म्हणून घरच्या तुपाचा वास येत नाही. शेवटी विड्याचं पान टाकलं तर थोडी भर पडते, पण ते घरचं तूप होत नाही.

बदामाची पिशवी 3 पौंडांची, काजूची अडीच पौंडांची. पिशवी उघडून फळीवर ठेवली की काही महिन्यांत खवट होतात, कारण त्यांतल्या तेलाला हवा आणि ऊब लागते. आणल्या दिवशीच 300 ग्रॅमच्या पिशव्या करून फ्रीझरमध्ये टाकायच्या. बाहेर काढलेली पिशवी लगेच फोडू नये. आत दव धरतं आणि काजू लिबलिबीत होतात. तांदळाच्या 20 पौंडी पोत्यात टोके (किडे) होऊ नयेत म्हणून दोन भाग करून प्रत्येक भाग चार दिवस उणे 18 अंशांवर ठेवतो, मग कोरड्या डब्यात. पालक आणि कोथिंबीर मात्र मी तिथून घेतच नाही. अर्धी सडली तर भाव दुप्पट झाला.

आता वाइन. कॅलिफोर्नियात दारू घ्यायला कॉस्टकोचं सदस्यत्व लागत नाही. दारावर तसं सांगायचं. न्यू जर्सीत गणित वेगळं: तिथे एका मालकाला किरकोळ दारूविक्रीचे दोनच परवाने मिळतात, म्हणून बहुतेक कॉस्टकोत वाइन नसतेच. वॉशिंग्टन राज्यात व्हिस्की घेताना पाटीवरच्या भावावर 20.5 टक्के आणि लिटरमागे 3.77 डॉलर कर चढतो. वाइनवर हा कर नाही.

इथे सहा बाटल्यांवर वेगळी सूट नसते. सुपरमार्केटात ती पुष्कळदा असते, तेव्हा तेच लेबल, तेच साल बघून तुलना करा. कर्कलंडच्या बाटलीची मागची बाजू वाचा. ‘प्रोड्यूस्ड अँड बॉटल्ड बाय’ म्हणजे निदान 75 टक्के वाइन त्याच उत्पादकाने आंबवलेली; ‘व्हिंटेड’ किंवा ‘सेलर्ड’ म्हणजे आयती आणलेली असू शकते. वाईटच असते असं नाही, पण भाव बघताना लक्षात ठेवावं.

तीन लिटरचा खोका म्हणजे चार बाटल्या. आतली पिशवी रिकामी होत आक्रसते, हवा शिरत नाही, म्हणून उघडल्यावर चार ते सहा आठवडे चालते. उघडी बाटली फ्रिजमध्ये तीन ते पाच दिवस. न उघडलेला खोका मात्र साठवायचा नसतो, पिशवीतून हवा हळूहळू झिरपतेच. तळाची तारीख बघून घ्या. तांबड्या रश्श्याबरोबर कॅबर्नेसारखी जाड लाल वाइन नको, तिच्यातल्या तुरटपणाने आणि अल्कोहोलने तिखट आणखी चढतं. किंचित गोड रीसलिंग ही पांढरी वाइन किंवा फसफसणारी प्रोसेको घ्या.

जानेवारी 2024 पासून कॅलिफोर्नियात वाइनच्या बाटलीवर 10 सेंट आणि खोक्यावर 25 सेंट अनामत लागते. रिकामी बाटली किंवा खोक्यातली पिशवी रीसायकलिंग केंद्रावर दिली की ती परत मिळते. उन्हाळ्यात वाइन डिकीत ठेवून बाकीची कामं उरकत बसू नका, गरम डिकीत बूच वर सरकतं. मी कॉस्टको सगळ्यात शेवटी ठेवतो आणि वाइन सीटपाशी, एसीच्या झोतात.