फ्रिजच्या युनिटचा हिशेब: पुढची नोंद

फ्रिज आता प्लग-मीटरवर (सॉकेट आणि उपकरण यांच्यामध्ये लावायचा, खपलेले युनिट दाखवणारा छोटा मीटर) लावला आहे. आधी मुख्य मीटरच्या लुकलुकत्या दिव्यावर मोजत होतो, आणि ज्यांच्याकडे प्लग-मीटर नाही त्यांनी ते जरूर करून बघावं. मीटरवर युनिटमागे किती लुकलुक ते छापलेलं असतं, समजा ३२००. घरातलं बाकी सगळं बंद करायचं, फक्त फ्रिज चालू ठेवायचा आणि दहा लुकलुकींचा वेळ घ्यायचा. ९० सेकंद लागले तर एकीला ९ सेकंद. एका युनिटमध्ये ३६ लाख वॅट-सेकंद असतात, त्यांना ३२०० ने भागून येतात ११२५, त्यांना ९ ने भागलं की १२५ वॅट. मीटरवर १६०० असेल तर ११२५ च्या जागी २२५० घ्या.

आता हे १२५ वॅट गुणिले २४ तास, म्हणजे रोजचे ३ युनिट, असं कोणी सांगितलं तर मानू नका. गार झालं की कॉम्प्रेसर थांबतो. तासातली २४ मिनिटंच चालला तर आकडा १.२ युनिटवर येतो, निम्म्याहून कमी! शिवाय फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये बर्फ वितळवणारा हीटर मध्येच काही मिनिटं लागतो आणि तेवढ्यापुरते वॅट एकदम वर जातात. तासाभराच्या मोजणीत तो सापडेलच असं नाही. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर तर मागणीप्रमाणे वेग बदलत राहतो, तिथे क्षणाच्या वॅटवरून काहीच ठरत नाही. म्हणून मीटर सलग काही दिवस राहू द्यायचा आणि जमलेल्या युनिटना दिवसांनी भागायचं. खोलीतलं तापमानही शेजारी लिहून ठेवा, उकाड्यात आकडा वाढतो.

क्लॅम्प मीटरवाल्यांसाठी (वायरभोवती चिमटा लावून अँपियर मोजणाऱ्यांसाठी): अँपियर गुणिले व्होल्ट हे मोटरच्या बाबतीत वॅट नव्हेत. पॉवर फॅक्टर (त्या गुणाकारातला खरोखर वॅट असलेला हिस्सा) धरला नाही तर खप फुगलेला दिसतो.

पैशांचं गणित करताना बिलाच्या रकमेला युनिटने भागू नये असं माझं ठाम मत आहे. त्यात स्थिर आकार असतो, तो फ्रिज बंद ठेवला तरी भरावाच लागतो. टप्प्यांचे दर असतील तर वाचलेले युनिट सगळ्यात वरच्या टप्प्यातून कमी होतात, तेव्हा जुना फ्रिज बदलायचा की नाही हे त्याच दराने तपासा.

पुढे स्टँडबाय, म्हणजे वापरात नसतानाही प्लगला लावलेली उपकरणं खातात ती वीज, मोजायचा आहे. अखंड चालणारा एक वॅट वर्षाला ८.७६ युनिट खातो, पण इतका कमी भार काही प्लग-मीटर शून्यच दाखवतात. त्यामुळे टीव्ही, राउटर आणि चार्जर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेऊन एकत्र मोजणार आहे.